मागे राहिलेल्यांचा तास

शनिवारची शाळा सकाळची असते आणि शेवटचा तास माझा. वेळापत्रकात त्याला कार्यानुभव म्हणतात. पूर्वी या तासाला कागदाची फुलं, शुभेच्छापत्रं, फार तर खडू तयार करणं असं चालायचं. मी तो तास घ्यायला लागले तेव्हा दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, आणि आठवी-नववीच्या बाकांवर बसलेली कितीतरी मुलं त्या दिवसांत आपापल्या घरची कर्ती माणसं होती. पहाटे उठून पाणी भरायचं, शेरडांना चारा टाकायचा, धाकट्याला आंघोळ घालायची, आजीला गोळ्या द्यायच्या आणि मग दप्तर उचलायचं. अशा मुलांपुढे रंगीत कागद ठेवायला माझा हात धजेना.

आमचं धर्मापुरी बीड जिल्ह्यातलं जुनं गाव. गावाला किल्ला आहे, चालुक्यांच्या काळातलं केदारेश्वराचं देऊळ आहे, त्याच्या भिंतींवरची शिल्पं बघायला लांबून लोक येतात. पण इथलं आणि भोवतीच्या वाड्या-तांड्यांचं वर्ष ठरतं ते साखर कारखान्यांच्या हंगामावर. दसरा झाला की ऊसतोड टोळ्या नेणाऱ्या मुकादमांचे ट्रक आणि ट्रॅक्टर दारात येऊन लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्या कोयत्यानं मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फेडायला सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटकात जायचं आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, फडात राहायचं. तान्ही मुलं आईबरोबर कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, जातात. शाळेत जाणारी आजी-आजोबांजवळ मागे राहतात. शासन अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालवतं. 2021 पासून संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजनाही आली. ज्यांना तिथं जागा मिळते त्यांचं बरं चालतं. बाकीच्यांच्या घरात थोरल्या मुलानं किंवा मुलीनं चूल सांभाळायची असते.

जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 च्या दशकात दहा जीवनकौशल्यांची यादी केली. स्वतःची ओळख, दुसऱ्याच्या भावना समजणं, निर्णय घेणं, ताण हाताळणं, संवाद, असं बरंच काही त्यात आहे. आमच्या प्रशिक्षणांत ही यादी पडद्यावर दाखवतात आणि ती चांगलीच आहे. मात्र धर्मापुरीच्या वर्गात मला वेगळंच दिसत होतं. निर्णय ही मुलं रोज घेत होती. तापानं फणफणलेल्या आजोबांना दवाखान्यात आज न्यायचं की उद्यापर्यंत थांबायचं, हा निर्णय तेरा वर्षांची मुलगी घेत होती. ताणाबद्दल तर त्यांनीच आम्हाला सांगावं. त्यांचं अडत होतं ते घराच्या बाहेर, खिडकीपाशी. बँकेची खिडकी, केसपेपरची खिडकी, तहसीलची खिडकी. कागद पुढे आला की हीच धीट मुलं गप्प व्हायची. काम त्यांना येत होतं. त्या कामाचं मोल कागदावर कसं उतरतं आणि वाटेत कुठं गळतं, हे त्यांना कुणी दाखवलेलं नव्हतं. तेव्हा तास तिथूनच सुरू करायचा असं मी ठरवलं.

सुरुवात पैसे काढायच्या स्लिपनं झाली. बँकेतून कोऱ्या स्लिपांची एक चळत मागून आणली आणि एकेकाला एकेक दिली. खात्यातून पाचशे रुपये काढायचे आहेत, भरा. गणितात पहिला येणारा मुलगा पटकन भरून घेऊन आला. नाव, खाते क्रमांक, तारीख, रक्कम, सगळं नीट. फक्त 'अक्षरी रुपये' ही ओळ कोरी.

"हे का नाही लिहिलंस?"

"आकड्यात लिव्हलंय की मॅडम. अजून कशाला?"

मी त्याची स्लिप सगळ्यांना दाखवली आणि 500 च्या आधी, मोकळ्या जागेत, एक काढला. पाचशेचे पंधराशे झाले. वर्ग एकदम शांत झाला. मग अक्षरी लिहिल्यावर, शेवटी 'मात्र' लिहून पुढं रेघ ओढल्यावर त्यात कुणाला काही घुसडता येतं का, हे त्यांनीच एकमेकांच्या स्लिपा घेऊन करून पाहिलं. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तासभर मान वर करायची नाही, तिनं विचारलं, "मॅडम, किराणा दुकानाच्या वहीतबी असं करता येतं का?" पुढचा सगळा तास त्या एका प्रश्नावर गेला. दुकानातली उधारी दुकानदाराच्याच वहीत असते, आपल्याकडे काही नसतं, हे त्या दिवशी मुलांनी आपणहून मांडलं. पुढच्या शनिवारी चार-पाच जणांनी घरातल्या जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून आणली होती. तारीख, वस्तू, किंमत, दुकानदाराची सही. दुकानदारानं सही केली का, म्हणून मी विचारलं. एकानं सांगितलं, पहिल्या दिवशी चिडला, दुसऱ्या दिवशी केली.

आजीच्या पैशांचं प्रकरण याहून नाजूक. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1500 रुपये आजीच्या खात्यावर येतात आणि घरात रोख पैसा म्हणजे अनेकदा तेवढाच. ते काढायला बँकेपर्यंत कोण जाणार? गावातल्या बँक मित्राकडे आधारचा नंबर द्यायचा, यंत्रावर अंगठा ठेवायचा, पैसे घ्यायचे. म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात, शेतात राबलेल्या हातांच्या तर लवकरच. अंगठा उमटत नाही. मग दुसरं बोट, मग परत अंगठा, मग पुसून परत. यात कोणता ठसा लागला आणि कोणता नाही हे आजीला कळायचा मार्ग नसतो, शेजारी उभ्या नातवालाही नसतो. म्हणून आम्ही वर्गात यंत्राच्या पावतीचा नमुना फळ्यावर मोठा करून काढला. व्यवहार झाला की नाही हे पावतीवर कुठं असतं, शिल्लक कुठं असते. ठसा फसला तरी पावती मागायची. पैसे आजीच्या हातात द्यायच्या आधी तिथंच उभं राहून मोजायचे. महिन्यातून एकदा पासबुक भरून आणायचं. मोबाईलवर आलेला ओटीपी कुणी कितीही गोड बोलून मागितला तरी द्यायचा नाही. मुलांना यातलं काहीच अवघड गेलं नाही. पंधरा वर्षं पूर्ण झाली की स्वतःच्या आधारवरचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्यानं करावी लागते, हेही याच ओघात निघालं. शिष्यवृत्तीचे पैसे अडकतात तेव्हा बऱ्याचदा कारण असंच कुठंतरी आधारच्या जोडणीत असतं.

खिडकीची भीती घालवायला मात्र वेळ लागला. वर्गातलं एक बाक उभं करून त्याची खिडकी केली. आत एक मुलगा साहेब, बाहेर रांग. साहेब झालेली मुलं इतकी हुबेहूब बोलायची की मला नवल वाटायचं. "उद्या ये." "हे नाही चालत." "बापाला पाठव." बाहेरच्यानं काय बोलायचं हे त्यांना सुचत नसे, कारण त्यांनी ते घरात कधी ऐकलेलंच नव्हतं. घरातली मोठी माणसं साहेब म्हणाला तसं मान हलवून परत येतात. मी त्यांना एक वाक्य दिलं: "साहेब, कोणता कागद कमी आहे तेवढं लिहून द्या." आवाज चढवायचा नाही, मान खाली घालायची नाही, हातात पेन आणि कोरा कागद असू द्यायचा. वाक्य साधं आहे. पण त्यात समोरच्याचा मान राहतो आणि आपली फेरीही वाया जात नाही. एका मुलीनं ते उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खरोखर वापरलं. समोरच्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, तिला बसायला सांगितलं आणि अर्ज तिथंच तपासून दिला. परत आल्यावर ती मला सांगत नव्हती, वर्गाला सांगत होती.

याच सरावासाठी मी मुलांना केदारेश्वराच्या देवळात न्यायला लागले. बाहेरगावचे लोक शिल्पं बघायला येतात, त्यांना मुलांनी आपलं देऊळ दाखवायचं. माहिती पाठ करायची नाही, स्वतःला जे आवडतं ते सांगायचं. अनोळखी शहरी माणसाशी डोळ्याला डोळा देऊन बोलता येणं ही पुढे पुण्यात खोली शोधताना, कंपनीच्या गेटवर उभं राहताना लागणारी गोष्ट आहे, आणि ती शिकायला स्वतःच्या गावच्या देवळाइतकी भक्कम जागा नाही. तिथं मूल पाहुणा नसतं, यजमान असतं.

तसाच एक दिवस अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाचा. आमच्याकडे सगळे त्याला स्वाराती म्हणतात. आजारी कुणी नव्हतं; केसपेपर कुठं निघतो, मेडिसीन कुठं, हाडांचा विभाग कुठं, रक्त कुठं द्यायचं, रिपोर्ट कुठं मिळतो, हे पायांनी शिकायचं होतं. दुखणं कसं सांगायचं याचाही सराव केला: कधीपासून, कुठं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. "आजीला बरं न्हाई" एवढ्यावर डॉक्टर तरी काय करणार? परतीच्या एसटीत मुलांनी 108 हा नंबर आजोबांच्या मोबाईलमध्ये सगळ्यात वर कसा ठेवायचा याची युक्ती काढली, ती मलाही माहीत नव्हती. आणि जुलाबांसाठीचं पाणी: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा सपाट म्हणजे काय हे वर्गात सुरीनं वरचा ढीग सरकवून दाखवावं लागतं, नाहीतर मीठ जास्त पडतं आणि ते लहान मुलाला बाधतं.

आता उचलीचा हिशेब. हा तास घ्यायचा की नाही यावर मी बराच विचार केला. मुकादम गावातलाच असतो, कुणाचा मामा असतो, कुणाचा चुलता. त्याच्या घरची मुलंही वर्गात असतात. शिवाय तो स्वतः वरच्या वाहतूक ठेकेदाराच्या पैशात अडकलेला असतो. म्हणून मी कुणाचं नाव घेतलं नाही, फक्त आकडे घेतले. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मान्य झाली होती. आम्ही फळ्यावर टनाला 366 रुपये दर धरला. कोयता दिवसाला दोन टन तोडतो असं धरलं. 732 रुपये. उचल एक लाख. मुलांनी भागाकार केला: 137 दिवस.

"एकबी खाडा न करता?" एकानं विचारलं.

एकही खाडा न करता. आजारपण नाही, कारखाना बंद नाही, पाऊस नाही, गावात लग्न नाही, मयत नाही. त्यात आठवड्याच्या बाजाराला घेतलेले पैसे धरलेले नाहीत. मग मुलांनी आपणहून आकडे बदलून पाहिले. दीड टन तोडला तर? आई महिनाभर आजारी पडली आणि अर्धाच कोयता राहिला तर? हंगाम लवकर आटोपला तर? दर वेळी शेवटी काहीतरी अंगावर राहत होतं, आणि ते पुढच्या वर्षीच्या उचलीत मिसळत होतं. नववीतला एक उंच मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "म्हणजे बापू दरसाल का जातेत ते आज कळलं." तो खाली बसल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. अशी बाकी माणसाला बांधून ठेवू नये म्हणून आपल्या देशात 1976 पासून वेठबिगारीविरोधी कायदा आहे, हे मी सांगितलं. पण मला त्या तासाला कायद्यापेक्षा भागाकार महत्त्वाचा वाटला. गणिताच्या पुस्तकात चक्रवाढीची उदाहरणं असतात. या मुलांच्या घरातलं सगळ्यात मोठं उदाहरण पुस्तकात यायला हवं असं मी मनापासून म्हणते.

त्यातून वही निघाली. दोनशे पानी साधी वही, मुलांनीच आखलेली. तारीख, फड कुणाचा, गाडी किंवा टन, काट्याची पावती मिळाली का, खाडा, हातात घेतलेले पैसे, सही. आई-वडील निघताना मुलांनी ती त्यांच्या पेटीत ठेवली. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते रोज रात्री फोनवर सांगायचे आणि मूल इकडे लिहून घ्यायचं. काही जण काट्याच्या पावतीचा फोटो पाठवायला लागले. पट्टा पडल्यावर एका घरात मुकादमाच्या आणि वहीच्या आकड्यात तफावत निघाली. भांडण झालं नाही. दोन वह्या शेजारी ठेवून खाडे मोजले गेले आणि काही खाडे कमी झाले. सगळीकडे असं होत नाही. काही मुकादमांनी वही बघायलाच नकार दिला, आणि एका बापानं मुलाला सांगितलं की पुढच्या वर्षी उचल मिळायची असेल तर ही वही बाहेर काढू नको. तो बाप चुकला असं मी म्हणणार नाही. त्याच्यापुढे दुसरा रस्ता नाही. पण वही त्या घरात अजून लिहिली जाते, एवढं मला माहीत आहे.

पोर्शन कसा पुरा करणार, असा प्रश्न शाळेत कुणी ना कुणी विचारतंच. तेव्हा मी पाबळचं उदाहरण देते. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शास्त्रज्ञ माणूस, मुंबईची नोकरी सोडून दुष्काळी गावात आला आणि हातानं काम करता करता शिकायचं हे तत्त्व त्यांनी शाळेच्या चौकटीत बसवून दाखवलं. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, विजेची जोडणी, शेती, स्वयंपाक आणि आरोग्य या कामांत घालवायचा, आणि मुलगे-मुली दोघांनीही सगळंच करायचं. महाराष्ट्रातल्या अनेक शाळांपर्यंत तो अभ्यासक्रम पोहोचला. माझ्याकडे वेल्डिंगचं यंत्र नाही, पण मुलग्यांनीही सगळंच करायचं हा भाग मी उचलला.

भाकरीचा तास त्यातूनच आला. इथं घरात मुलगी असेल तर चूल तिच्याकडे, मग ती भावापेक्षा धाकटी का असेना. हाच भाऊ दहावी-बारावीनंतर भोसरीला किंवा चाकणला कंपनीत लागतो, एका खोलीत सहा जण राहतात आणि पगारातला मोठा हिस्सा मेसवर आणि वडापाववर जातो. म्हणून एका शनिवारी मी एका मुलाच्या आजीलाच बोलावलं. आल्या त्या लुगड्याचा पदर खोचून, काठवट काखेत मारून. सगळ्या मुली बाकांवर बसल्या आणि मुलगे परातींपुढे. एकाची भाकरी थापताना कडेनं फाटत राहिली. त्याला वाटलं हात चुकतोय. आजींनी पीठ चिमटीत घेऊन चोळलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "पिठाची विरी गेली बाबा. दळून लई दीस झालं. पानी कडक घे." गरम पाण्यात पीठ मळलं आणि भाकरी एकसंध थापली गेली. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात कधी फिरवायचा, कधी उलटायची, निखाऱ्यापुढे कशी धरायची म्हणजे टम्म फुगते, हे त्यांनी बोलण्यापेक्षा हातानं सांगितलं. एरवी शाळेत आल्या की व्हरांड्याच्या कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या आजी त्या दिवशी खुर्चीवर बसून मुलांना दटावत होत्या. या गावात शिकवण्यासारखं जे आहे त्यातलं पुष्कळ यांच्याकडेच आहे. आता शिवणं, बियाणं राखणं, शेळीचं बाळंतपण यांसाठीही गावातलीच माणसं येतात.

मुलींचा विषय इतक्यावर भागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 21 मध्ये, बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी 43.7 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याचा आकडा त्याच्या निम्मा आहे. कारणं आमच्या डोळ्यांपुढे असतात. आई-बाप सहा महिने बाहेर, घरात म्हातारी, आणि वयात आलेली पोर. बापाला फडात झोप लागत नाही. दुसरीकडे, कोयता जोडीचाच लागतो, उचल जोडीला मिळते, म्हणून दसऱ्याच्या आधी लग्नं उरकतात. 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा मी वर्गात शिकवते. गावात ग्रामसेवक हाच त्याचा अधिकारी असतो हे सांगते, 1098 हा नंबर सगळ्यांकडून पाठ करून घेते. पण चौदा वर्षांच्या मुलीनं बापाविरुद्ध फोन उचलावा, एवढ्याच भरवशावर तिला सोडणं मला योग्य वाटत नाही.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाचोडला एका आरोग्य संस्थेनं 1990 च्या दशकाच्या शेवटी जे केलं ते मला इथं वाट दाखवतं. लग्न न झालेल्या मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्यांचा वर्ग, आठवड्यातले पाच दिवस, रोज संध्याकाळी एक तास, साधारण सव्वादोनशे तासांचा. शिकवणाऱ्या बाया त्याच गावच्या, काही जणी तर सातवीपर्यंतच शिकलेल्या. आरोग्य, आहार, बँक, पंचायत, घरात आपलं म्हणणं मांडणं. आणि मुलींइतकंच आई-वडिलांशी बोलणं. काही वर्षांत त्या गावांतलं मुलींच्या लग्नाचं मधलं वय सोळावरून सतरावर गेलं. एक वर्ष! ज्यांनी आमच्याकडच्या मुली पाहिल्यात त्यांना त्या एका वर्षाची किंमत कळेल. दहावीची परीक्षा त्या एका वर्षात बसते. पहिलं बाळंतपण त्या एका वर्षानं पुढे जातं.

म्हणून मी भादव्यातच, उचली ठरायच्या आधी, पालकांच्या घरी जाते. कायद्याचं बोलणं नंतर. आधी एवढंच विचारते की तुम्ही गेल्यावर पोर झोपणार कुठं. वसतिगृहात नंबर लागेल का, मावशीकडे राहील का, दोन मैत्रिणी एका आजीजवळ राहतील का. हे ठरलं की निम्म्या घरांत लग्नाचा विषय आपोआप मागे पडतो. उरलेल्यांत पडत नाही. नववीतली एक अतिशय हुशार मुलगी, उचलीचा भागाकार सगळ्यांत आधी करणारी, दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आलीच नाही. तिचं लग्न परगावी लावलं होतं. आम्हाला कळलं तेव्हा ती नवऱ्याबरोबर फडात पोहोचली होती. तिच्या रिकाम्या जागेवर पुढचे कित्येक शनिवार दुसरं कुणी बसलं नाही, आणि मला त्या बाकाकडे न बघता शिकवावं लागलं.

गेल्या उन्हाळ्यात, पट्टा पडल्यानंतर, ती माहेरी आली होती. कडेवर मूल. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी थांबली होती. मी काही विचारायच्या आत तिनंच पिशवीतून वही काढली. आमचीच, दोनशे पानी, ऊन-पावसानं फुगलेली, शेवटच्या पानापर्यंत भरलेली. टोळीतल्या आणखी तीन कोयत्यांचा हिशेब तिनं त्यात लिहिला होता.

"मॅडम, यात दोन रकाने कमी हायेत," ती म्हणाली. "वाढे इकल्याचे पैसे कुठं लिव्हायचे? ते बायाच इकत्यात, पर हिशेबात बापईच धरत्यात. आन् बाईला चार दिवस फडात उतरता येत न्हाई, त्याचा खाडा येगळा दावायचा. आजारपणात मिसळायचा न्हाई."

आम्ही व्हरांड्यात बसून नवी वही आखली. बाई आणि गडी यांच्या कामाची नोंद वेगळी, वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, पैसे बाईच्या नावानं, आणि एक रकाना पाळीच्या दिवसांचा. बीडच्या ऊसतोड बायकांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण इतकं वाढलं होतं की 2019 मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळी आली की खाडा, खाड्याचा दंड, म्हणून मग पिशवीच काढून टाकायची, ही त्यामागची वाट इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. तो खाडा कागदावर वेगळा लिहिण्याची कल्पना या पोरीची.

तिनं चार वह्या नेल्या, पैसे देऊन. जाताना दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म कधी निघतो ते विचारून गेली. वयाचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला लागेल, असं मी सांगायला लागले, तर म्हणाली, "काय काय लागतं तेवढं लिहून द्या." मी लिहून दिलं. यंदाच्या वह्या तिच्या आखणीप्रमाणे छापून घ्यायच्या आहेत. अंबाजोगाईच्या छापखान्यात दर विचारून ठेवलाय आणि दसऱ्याच्या आत त्या हातात यायला हव्यात.